लैंगिक आरोग्याची सेवा आणि आपले विद्यार्थी
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषण, करमाळा)



आजच्या विषयावर बोलताना माणसे आवाज खाली आणतात. आम्ही तो व्यासपीठावर घेतला, कारण या विषयाच्या पाठीशी बाबासाहेब उघडपणे उभे राहिले होते.

१९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढणारे र. धों. कर्वे डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. या मतांपायी त्यांना नोकरी सोडावी लागली. १९२७ साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा बाबासाहेबांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. निकाल विरुद्ध गेला. तरीही १९३८ साली स्वतंत्र मजूर पक्षाच्या रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला.

पुढे हे काम डॉक्टरांकडे गेले. पेनिसिलीनने गरमीसारखा रोग बरा होऊ लागला. औषध मिळाले, पण मोकळेपणाने बोलणे राहून गेले. ती जागा भोंदूंनी घेतली. एस.टी. स्टँडजवळच्या भिंतींवरील त्यांच्या जाहिराती आपण पाहिल्याच आहेत. लाजेपोटी आपली मुले तेथे पैसे घालवतात आणि आजार अंगावर काढतात.

एड्सच्या साथीने चित्र पालटले. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. रक्ततपासणीच्या आधी व नंतर रुग्णाशी बोलणारा समुपदेशक सरकारी रुग्णालयांत आला. समाजकार्य, मानसशास्त्र, समाजशास्त्र शिकलेल्यांना तेथे स्थान मिळाले. सांगलीत १९९६ साली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. समाजाने ज्यांना रोगाचे मूळ ठरविले, त्याच स्त्रिया आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. २००५ पासून गावोगावी आशाताई आल्या. आज परिचारिका, समुपदेशक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, आशा आणि डॉक्टर मिळून ही सेवा चालवितात.

विद्यार्थी मित्रांनो, मेडिकलला नंबर लागला नाही म्हणजे रुग्णसेवेचे दार बंद झाले असे समजू नका. कला शाखेच्या मुलामुलींनाही येथे काम आहे. मात्र रीतसर प्रशिक्षण घ्या आणि रुग्णाचे गुपित जपा. एचआयव्हीबाबत तर २०१७ च्या कायद्याने गोपनीयता बंधनकारकच केली आहे.

घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूजवळ कोणी जात नव्हते. भगवान बुद्धांनी आधी त्याला आजार विचारला, मग आनंदासह त्याचे अंग धुतले. आपल्या वस्तीत असे विचारणारे माणूस तयार व्हावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!