पाठीवरची सॅक : नळीच्या वाटेने शिकवलेला धडा

हेडफोन लावलेत ना? आज विषय साधा आहे: एका दिवसाच्या अवघड ट्रेकसाठी सॅक कशी निवडायची. साधा म्हणतोय खरा, पण या विषयापायी माझ्या हातून एक भयंकर चूक होता होता राहिली. आधी तीच सांगतो.

दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. आम्ही चौघं आणि बेलपाड्याचे एक वाटाड्या दादा, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर निघालो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही वाट म्हणजे कोकणकड्याच्या बाजूची एक उभी नाळ. मोठमोठे दगड, मध्येच कातळटप्पे, काही ठिकाणी दोर लागतो. माझ्या पाठीवर काय होतं? ऑफिसची लॅपटॉप बॅग. पंचवीस लिटरची आहे, चालेल की, असा माझा हिशोब. बाजूच्या जाळीच्या खिशात एक लिटरची स्टीलची बाटली, काठोकाठ भरलेली.

एका कातळटप्प्यावर मी पुढे वाकलो, बॅग डावीकडे झुकली आणि बाटली सटकली. मी "दगड!" म्हणून ओरडलो, कारण नाळेत वरून काहीही पडलं की हाच शब्द ओरडायचा असतो. खाली माझा रूममेट होता. तो कातळाला चिकटला. बाटली त्याच्या हेल्मेटपासून वीतभर अंतरावर आपटली आणि ठण्ण ठण्ण करत खाली गेली. तो काहीच बोलला नाही. गडावर पोचेपर्यंत मीही बोललो नाही. जेवताना मी सॉरी म्हटलं, तर तो एवढंच म्हणाला, "आधी बॅग बदल."

घरी आल्यावर इंजिनिअरसारखा रिसर्च सुरू केला आणि पहिल्याच आठवड्यात फसलो. इंटरनेटवर खडबडीत डोंगरासाठीच्या सॅकचे जे तगडे रिव्ह्यू दिसतात, त्यातले बरेच अमेरिकेतल्या शिकारी लोकांचे असतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद, त्यामुळे त्यांची गरज वेगळी आणि आपली वेगळी. त्यांना परतताना तीस-तीस किलो मांस वाहून आणायचं असतं, म्हणून आत भक्कम फ्रेम. जनावराला चाहूल लागू नये म्हणून बाहेरून मऊ, लवदार कापड. धनुष्य किंवा बंदूक अडकवायला बाहेर भरपूर पट्टे. आता हीच सॅक घेऊन पावसाळ्यात कारवीच्या रानात शिरा. कापड पाणी पिऊन जड होणार आणि प्रत्येक पट्टा फांदीत अडकणार. म्हणजे सॅक वाईट नाही, आपली रिक्वायरमेंटच वेगळी आहे.

मग आपली रिक्वायरमेंट काय? वजनापासून सुरुवात करू. तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो, इथे कंजुषी नाही. डबा, सुका खाऊ, विंडचीटर, टॉर्च, प्रथमोपचाराची पिशवी, थोडी दोरी. सगळं मिळून सहा-सात किलो होतं. वीस ते तीस लिटर पुरेसं आहे. चाळीस लिटरची घेतलीत, तर रिकामी जागा बघून तुम्ही नको ते भरणारच. मी भरलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं: माप. सॅकचं माप तुमच्या उंचीवर नाही, पाठीच्या लांबीवर ठरतं. मान खाली घाला. मानेच्या तळाशी एक हाड वर येतं, तिथे टेपचं एक टोक. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवा, अंगठे मागे. दोन अंगठ्यांना जोडणारी रेष म्हणजे दुसरं टोक. मित्राकडून मोजून घ्या, स्वतःचं स्वतः नीट मोजता येत नाही. माझा एक मित्र माझ्यापेक्षा चार इंच उंच आहे, पण आमच्या दोघांची पाठ जवळपास सारखीच भरली.

कमरेचा पट्टा हवाच. तो पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. छोट्या सॅकला बारीक पट्टा असतो. तो फारसं वजन पेलत नाही, पण सॅकला डुलू देत नाही, आणि कातळावर तेच महत्त्वाचं. माझ्या लॅपटॉप बॅगला तो नव्हता. छातीचा पट्टाही लावा. अनेक सॅकमध्ये त्याच्या बकलातच शिट्टी असते. संकटात मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. हा डोंगरातला संकटाचा इशारा आहे, लक्षात ठेवा.

आकार अरुंद आणि उभा असावा. खांद्यांपेक्षा रुंद सॅक चिमणीसारख्या फटीत अडकते. बाटली आतच ठेवा. बाहेर ठेवायचीच असेल तर खोल खिसा आणि वरून आवळायचा पट्टा हवा. जड सामान पाठीला चिकटून, आणि चढाईच्या टप्प्यांवर ते जरा खालीच राहू द्या, तोल सांभाळला जातो.

पावसाचं काय? नुसत्या रेनकव्हरवर विसंबू नका. पाणी पाठीकडून ओघळत आत येतंच. आत एक जाड प्लास्टिकची पिशवी घाला आणि सगळं सामान तिच्यात भरा. खर्च जवळपास शून्य.

दुकानात काय करायचं? रिकामी सॅक घालून आरशात बघू नका. दुकानदाराला विनंती करून पाच-सहा किलो वजन भरा. दहा मिनिटं फिरा, जिने चढा, वाका, एका पायावर उभे राहा, हात वर करा. सॅक तुमच्या मागून उशिरा हलली, तर ती तुमची नाही.

जाता जाता त्या वाटाड्या दादांबद्दल. त्यांच्या पाठीवर शाळेची जुनी बॅग होती, तीही कमरेभोवती सुतळीने घट्ट बांधलेली. दिवसभरात ती बोटभरही हलली नाही. मी ते सकाळीच पाहिलं होतं आणि मनातल्या मनात हसलोही होतो. महागडी सॅक घ्या किंवा स्वस्त, ती आधी अंगाला घट्ट बसू दे. कारण आपल्या खाली कोणीतरी चढत असतं.

भेटू पुढच्या भागात. पाणी जास्त घ्या, काळजी घ्या!