शेगडीच्या गाडीचं जाम चाक

आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज गंज.

आमच्या मोठेबाबांची भुट्टे भाजायची लोखंडी गाडी जठारपेठेत घरामागं सहा वर्षं उभी आहे. वर कोळशाची शेगडी, एका टोकाला दोन पाय, दुसऱ्या टोकाला बिडाची दोन चाकं. मोठेबाबांना या पावसाळ्यात परत धंद्यावर बसायचंय आणि चाकं हलत नाहीत. वेल्डिंगवाला म्हणाला, "कापून टाका आख, नवा बसवून देतो." पण हा आख चौकटीलाच वेल्ड केलाय. तो कापला की शेगडीचा तळही उघडावा लागतो, आणि मग खर्च जवळपास नव्या गाडीचाच.

आता, चाक इतकं जाम होतं कशानं? नुसत्या पावसानं नाही. भुट्ट्याला चोळलेलं मीठ-लिंबू खाली गळतं, कोळशाची राख पडते आणि ती ओल धरून ठेवते. मिठानं गंज जोरात चढतो. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. चाक आणि आख यांच्यात जी बारीक फट असते ना, तीच तो भरून टाकतो.

म्हणून आधी ओढायचं नाही. आधी बाहेरचं टोक बघायचं. पिन पक्कडीनं सरळ करून काढा, वॉशर काढा, आणि आखाचं उघडं टोक पॉलिश पेपरनं चकचकीत घासा. चाक शेवटी त्याच्यावरूनच सरकणार आहे. टोकाला हातोडीचे जुने मार बसून कड फुगली असेल तर कानसीनं उतरवा. बऱ्याचदा चाक अडतं ते इथंच, बरं का!

मग गाडी आडवी करा, म्हणजे चाक वर येईल आणि तेल आपोआप खाली उतरेल. आपल्याकडं सगळे डब्ल्यूडी-४० मारतात. ते १९५३ साली मुळात पाणी हटवून गंज टाळायला बनवलं होतं, चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून नावात ४०. चालतं, पण जुन्या गंजाला खास पेनिट्रेटिंग ऑइल बरं. स्वस्तात करायचं तर डिझेल. रात्रभर मुरू द्या, अधूनमधून लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोका. बिडावर थेट हातोडी नको, ते वाकत नाही, तडकतं.

दुसऱ्या दिवशी चाक फिरवा. ओढू नका, फिरवा. केसभर मागं, केसभर पुढं. पुन्हा तेल. इथं घाई करणारा माणूस चाक फोडतो, हे मी गल्लीत पाहिलंय.

तरी नाहीच तर उष्णता. वीस मिलिमीटरचं भोक दीडशे अंशांनी तापवलं तर फुगतं किती? साधारण ०.०३ मिलिमीटर. एवढंच! पण गंजाची पकड सुटायला तेवढं पुष्कळ होतं. तापवायचं फक्त चाकाचं मधलं तुंब, आख नाही. आणि डिझेल मारलेल्या चाकाला ज्योत लावायची नाही, बाप्पा! उकळतं पाणी ओता, त्यानं फुगणं निम्मंच होतं, पण धोका नाही. मग गॅरेजवाल्याकडून तीन पायांचा पुलर मागून आणा आणि पाव-पाव आटा कसत जा.

बसवताना ग्रीस थापू नका, राख चिकटून पुन्हा तेच. कोरडी ग्रॅफाइट पावडर, आणि आखावर पत्र्याची छोटी झडप, मीठ-लिंबू बाहेर पडेल अशी. कोळसा पेटवायच्या आधी सगळं डिझेल साबणानं धुवून काढा.

एक चाक काल निघालं. दुसरं अजून मुरतंय.