न्यायपीठाची जागा

भालकीचा किंवा बसवकल्याणचा पक्षकार उच्च न्यायालयात जावयाचे ठरवी, तेव्हा त्यास बंगळूरची वाट धरावी लागे. बिदरपासून हे अंतर जवळजवळ ७०० किलोमीटर. निकाल लागण्यापूर्वी प्रवासातच पदरचा पैसा सरे. हे गाऱ्हाणे खोटे कोण म्हणेल?

परंतु ते दूर करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न वेगळा आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्याच्या ५१ व्या कलमान्वये कायमचे पीठ राष्ट्रपती स्थापतात. अन्य ठिकाणी न्यायाधीशांनी बसावे किंवा कसे, हे मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या संमतीने ठरवितात. पूर्वी बिदरप्रमाणेच हैदराबाद राज्यात असलेल्या औरंगाबादेस १९८१ साली या दुसऱ्या मार्गाने न्यायाधीश बसू लागले. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली ते वैध ठरविले. उत्तर कर्नाटकासाठी पीठ मिळावे म्हणून वकिलांचा महासंघ त्याच न्यायालयाकडे गेला, तेव्हा मात्र २००० साली ती मागणी फेटाळली गेली. अधिकार कायद्यास धरून वापरला की नाही, हे न्यायालय पाहील. तो अधिकार स्वतःच्या हाती घेणार नाही.

यात लोकांच्या हालांविषयी बेफिकिरी नाही. न्यायालयच गावे निवडू लागले, तर त्या निवडीविरुद्ध दाद कोणाकडे मागावी? पुढे विहित मार्गानेच २००८ साली गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, फिरते पीठ बसले. २०१३ साली ते कायम झाले. बिदरच्या पक्षकाराची वाट शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर आली. मर्यादा पाळूनही न्याय दाराजवळ येतो, तो असा.