लायनर किती किलोमीटर चालतो?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी सांगितलं होतं, प्रत्येकानं आपल्या कामातली एक उपयोगाची गोष्ट पाच मिनिटांत सांगायची. मालवाहू गाड्यांच्या देखभालीच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं काम. आपल्या वर्गातल्या काहींच्या गाड्या सांगलीची हळद, तासगावची द्राक्षं घेऊन मुंबईकडे जातात, काहींच्या उसाच्या हंगामात कारखान्याला लागतात. म्हणून आज ब्रेकबद्दल बोलते.

गाडीमालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "लायनर किती किलोमीटरला बदलायचे?" कारच्या पुढच्या चाकांना पॅड असतात, पण आपल्याकडच्या बहुतेक ट्रकना अजून ड्रम ब्रेकच आहेत, म्हणून लायनर. या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नाही. सपाट रस्त्यावर भरपूर चालणारा लायनर घाटातल्या भरलेल्या गाडीवर त्याच्या निम्म्यातही संपू शकतो.

कारण आपण शाळेतच शिकलोय. ऊर्जा नाहीशी होत नाही. २५ टनांची भरलेली गाडी २०० मीटर उंची उतरली, की सुमारे ४९ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. तेवढ्या उष्णतेत दीडशे लिटरहून जास्त पाणी उकळीला येईल! गाडी खालच्या गिअरमध्ये उतरवली तर त्यातला मोठा वाटा इंजिन घेतं. न्यूट्रल केली, की जवळजवळ सगळा भार ब्रेकवर. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते. इंजिनच बंद केलं तर कॉम्प्रेसर थांबतो आणि पेडल दाबाल तशी टाकीतली हवा संपत जाते.

साताऱ्याहून पुण्याला जाताना कात्रजचा नवा बोगदा ओलांडला, की नवले पुलापर्यंत मोठा उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकमुळे चाळीसहून अधिक गाड्यांचं नुकसान झालं. आधी 'ब्रेक फेल' अशीच बातमी आली. मग चालकानं उतारावर इंजिन बंद केल्याचं पोलिसांनी सांगितलं. डिझेल वाचवण्याची ही सवय रस्त्यावर किती जणांना आहे, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

मग लायनर बदलायचा कधी? किलोमीटर मोजा, पण निर्णय चाक खोलून, बघून घ्या. घाटातल्या गाडीचं चाक लवकर खोला. लायनरच्या कडेला झिजेची खूण असेल, तर तिथपर्यंत आला की बदला. रिव्हेट ड्रमला घासायची वाट बघू नका. ड्रमवर चरे पडले की खर्च वाढतो. हबमधलं तेल किंवा ग्रीस लागलेला लायनर कितीही जाड असला तरी बाद, आणि गळणारं सीलही त्याच वेळी बदला. एका बाजूचा बदलला तर त्याच अ‍ॅक्सलच्या दुसऱ्या बाजूचाही बदला, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते. आणि लायनर झिजतो तसं ड्रमपासूनचं अंतर वाढतं, म्हणून स्लॅक अ‍ॅडजस्टर नीट काम करतोय ना, तेही मिस्त्रींकडून बघून घ्या.

सॉफ्टवेअर विकणारी असूनही सांगते, मोबाइलवर येणारी सूचना ही फक्त चाक खोलण्याची आठवण असते. लायनर तिला दिसत नाही.

शेवटचं, गाडीमालक मित्रांसाठी. लायनरचे पैसे तुमच्या खिशातून जातात, उतार मात्र चालकाच्या वाट्याला येतो. तो म्हणाला, "मालक, ब्रेक जरा लांब लागतोय," तर "एवढी खेप करून ये, मग बघू," असं म्हणू नका. खेप चुकली तर पुढच्या आठवड्यात दुसरी मिळते. आणि उतारावर डिझेल वाचवलं म्हणून त्याला शाबासकी देऊ नका. खालच्या गिअरमध्ये उतरून उशिरा पोहोचला, तर तेवढा उशीर चालवून घ्या.

आपल्यापैकी ज्यांच्याकडे गाड्या नाहीत, त्यांच्या मुलांची स्कूल बस आहेच. वर्षातून एकदा पालकसभेत विचारा, "ब्रेक शेवटचे कधी उघडून बघितले?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर तारखेसकट मागा.