तंबाखू : औषधाचा भ्रम आणि श्रावकाचा विवेक
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आपल्या ठाणे नगरीचे नाव श्रीपाळ राजाच्या कथेशी जोडलेले आहे. आयंबिलाच्या ओळीत आपण ती रोगमुक्तीची कथा श्रद्धेने ऐकतो. देह निरोगी असावा, ही इच्छा धर्माला अमान्य नाही. परंतु त्याच इच्छेचा हात धरून एखादे विष औषधाच्या वेषात घरात शिरते, तेव्हा विवेक जागा करावा लागतो. तंबाखूचा इतिहास हा अशाच वेषांतराचा इतिहास आहे.

ही वनस्पती मूळची अमेरिकेतील. सोळाव्या शतकात फ्रान्सचा वकील झाँ निको याने पोर्तुगालहून ती आपल्या राजदरबारी औषध म्हणून पाठविली. 'निकोटिन' हे नाव त्याच्यावरूनच पडले. पुढे १५७१ मध्ये सेव्हिलचा वैद्य मोनार्देस याने दातदुखीपासून जखमांपर्यंत वीसहून अधिक व्याधींवर तिची शिफारस केली. पोर्तुगीजांबरोबर ती आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि दख्खनेत पसरली. १६०४ च्या सुमारास असद बेग याने विजापूरहून तंबाखू अकबराच्या दरबारी नेली, तेव्हाही औषध म्हणूनच तिची ओळख करून देण्यात आली. त्या वेळी एका हकिमाने हरकत घेतली, की जुन्या ग्रंथांत जिचा उल्लेख नाही आणि जिची परीक्षा झालेली नाही, ती वस्तू बादशहाने का घ्यावी? अकबराने तिची सवय लावून घेतली नाही. प्रजेने मात्र लावून घेतली.

काही जण चरकसंहितेतील धूमपानाचा दाखला देतात. तेथे सांगितलेल्या वर्ती औषधी वनस्पतींच्या आहेत. त्या काळी तंबाखू भारतात नव्हतीच.

आपल्या महाराष्ट्रात या समजुतीने मशेरीचे रूप घेतले. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजावयाची, तिची पूड करावयाची आणि पहाटे ती बोटाने दातांवर घासावयाची. दात बळकट होतात, दाढदुखी थांबते, पोट साफ होते, गर्भारपणी मळमळ शमते, असे सांगत सासूने ती सुनेच्या हाती दिली. पुढे तंबाखूयुक्त दंतमंजने बाजारात आली. १९९२ मध्ये केंद्र सरकारने त्यांवर बंदी घातली व १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

हा समज इतका टिकला कसा? कारण त्यात अनुभवाचा अंश आहे. निकोटिनने आतड्यांची हालचाल वाढते, भूक मंदावते. दाढेची कळ क्षणभर दबल्यासारखी वाटते, पण आतील कीड वाढतच राहते. रात्रभर निकोटिन न मिळाल्याने सकाळी जीव कासावीस होतो. चिमूट घेताच तो शांत होतो आणि माणूस म्हणतो, 'गुण आला!' वास्तविक जी व्याधी तंबाखूने दिली, तीच तिने घटकाभर मागे घेतलेली असते. मुखाच्या कर्करोगाचे ती प्रमुख कारण आहे, मशेरी लावणाऱ्या मातांची बालके कमी वजनाची जन्मतात, हे आता सिद्ध झाले आहे. तरीही २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे २६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते.

आपल्यातील काही बंधू म्हणतात, 'सप्तव्यसनांत तंबाखूचे नाव कोठे आहे?' बंधूंनो, जी वस्तू या देशात आलीच नव्हती, तिचे नाव त्या यादीत कसे असणार? नाव नसले तरी कसोटी आहे. ज्याने प्रमाद वाढतो, इंद्रियांची गुलामी येते आणि निष्कारण हानी होते, ते त्याज्य. अनर्थदंड-विरमण व्रताचा अर्थ याहून वेगळा काय? ज्याला पहाटे चिमटीशिवाय चालत नाही, त्याची नवकारशी कशी सधणार? चौविहाराचे पच्चक्खाण घेऊन ओठाखाली पूड ठेवता येत नाही.

आता थोडे अवघड बोलतो. आपण व्यापारी समाज आहोत. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या बाजारपेठांत आपली दुकाने आहेत. 'आम्ही खात नाही, फक्त विकतो,' असे उत्तर कानी येते. शास्त्रकारांनी श्रावकासाठी पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली, त्यांत विषवाणिज्य स्पष्ट नावाने आहे. गल्ल्यावरील पुडीच्या आवरणावर कर्करोगाचे चित्र छापलेले असताना आतील वस्तू विष नाही, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे? त्या पुड्यांनी गिऱ्हाईक दुकानात येते, हे मला ठाऊक आहे. ती काढून टाकणे म्हणजे रोजच्या उत्पन्नातला तोटा. पण परिग्रहाचे परिमाण करणे म्हणजे हेच नव्हे काय?

सुवर्णमहोत्सवानिमित्त अनेक भव्य संकल्प होतील. त्यांत एक छोटा संकल्प असावा. घरातील वडीलधाऱ्यांची मशेरी प्रेमाने, वैद्यकीय सल्ल्याने सोडवावी. त्यांना दोष देऊ नये, कारण त्यांनी ती औषध म्हणूनच घेतली होती. दंतवैद्याकडून मुखाची तपासणी करून घ्यावी. आणि ज्यांचे दुकान आहे, त्यांनी येत्या पर्युषणापूर्वी एक फळी रिकामी करावी. ती रिकामी फळी हेही एक प्रत्याख्यानच ठरेल.

जय जिनेंद्र.