कार्ड आहे, पण तपासणीचं काय?

हातातलं काम आटोपलं असेल, तर घटकाभर आमच्याजवळ बसा.

आमच्या गटातल्या एकीच्या सुनेला पाचवा महिना लागला होता. आयुष्मान कार्ड घेऊन ती तालुक्याला एका खासगी दवाखान्यात तपासणीला गेली. तिथं सांगितलं, "तपासणीला हे चालत नाही." पोरगी तशीच परत आली. आम्ही आशाताईंना विचारलं, तेव्हा उलगडा झाला. हे कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावर उपयोगी पडतं. महिन्याच्या तपासणीला कुणी भरती होत नाही, म्हणून त्याचे पैसे त्यातून मिळत नाहीत.

योजना कशाचे पैसे देते आणि किती देते, त्यावर आपल्याला तपासणी मिळणं अवलंबून असतं. शेजारच्या गुजरातचंच बघा. तिथं २००५ च्या अखेरीस चिरंजीवी योजना सुरू झाली. खेड्यापाड्यांत सरकारी बाळंतपणाचे डॉक्टर कमी, म्हणून सरकारनं खासगी डॉक्टरांशी करार केला : दारिद्र्यरेषेखालच्या बाईचं बाळंतपण फुकट करा, पैसे आम्ही देऊ. दर ठरला शंभर बाळंतपणांना १,७९,५०० रुपये. म्हणजे एकीमागे १,७९५. त्यात शंभरात सात सिझेरियन धरली होती. सिझेरियन जास्त केली म्हणून पैसे वाढणार नव्हते, ही गोष्ट चांगलीच होती.

पण तपासणीचा वाटा किती? बाळंतपणाआधीच्या भेटीचे १०० रुपये, तपासण्यांचे ५०. सोनोग्राफी शंभरातल्या ३० जणींचीच धरलेली, दर १५० रुपये. सगळे मिळून शंभर बायांमागे १९,५००. रुपयातले जेमतेम अकरा पैसे!

सुरुवातीला पुष्कळ डॉक्टर योजनेत आले. पुढे खर्च वाढला, दर मागं राहिला, अवघड बाळंतपण अंगावर येण्याची धास्ती होतीच. अनेक डॉक्टर बाहेर पडले. कितीतरी बायांना योजनेत असूनही पदरचे पैसे मोजावे लागले. नंतर सरकारनं दर वाढवले. आम्ही डॉक्टरांना नावं ठेवत नाही. मजुरी परवडली नाही, तर आपण तरी कुणाच्या शेतात खुरपायला जातो का? पण डॉक्टर योजना सोडू शकतो, पोटातलं बाळ थांबत नाही.

म्हणून बायांनो, नवी योजना आली की एक प्रश्न ग्रामसभेत नक्की विचारा : यात गरोदरपणाच्या तपासणीचे पैसे आहेत का?

आणि आज जे हक्काचं आहे, ते सोडू नका. पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवा. बाळंतपणापर्यंत किमान चार तपासण्या झाल्याच पाहिजेत. चौथ्या महिन्यापासून पुढं दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त आणि जायची-यायची गाडी, सगळं मोफत आहे.

त्या सुनेला घेऊन पुढच्या ९ तारखेला आमच्यातल्या दोघी गेल्या. रक्त कमी निघालं. गोळ्या लगेच सुरू झाल्या, पण मधला महिना वाया गेला तो गेलाच. तुमच्या गल्लीत कुणी गरोदर असेल, तर तिचा महिना वाया जाऊ देऊ नका. येत्या ९ तारखेला तिच्यासोबत जा.

येतो आम्ही. राम राम!