मिठाच्या भारोभार चारोळी

रायपूर शहरातील समता कॉलनीत, सणावाराच्या दिवशी एखाद्या मराठी घरी श्रीखंड होते, तेव्हा त्यावर चारोळी पेरली जाते. ही चारोळी पुष्कळदा बस्तरच्या अरण्यातून आलेली असते. वस्तू चिमूटभर; परंतु तिच्यामागे एका प्रदेशाच्या व्यापाराचा इतिहास उभा आहे. एके काळी बस्तरच्या आठवडी बाजारात बाहेरचा व्यापारी मिठाची गोणी घेऊन जाई आणि मिठाच्या भारोभार चारोळी घेऊन परते. समुद्र कधी न पाहिलेल्या आदिवासीला मीठ हवेच होते. चारोळीचा शहरातील भाव मात्र त्याला ठाऊक नव्हता. सौदा राजीखुशीचा होता, पण समतेचा नव्हता.

छत्तीसगड महाराष्ट्राला परका नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत तेथे नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती. बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरातून कारभार पाहिला. १ नोव्हेंबर २००० रोजी मध्य प्रदेशातून वेगळे होऊन हे राज्य जन्माला आले. महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही ते लहान. तथापि जगाच्या नकाशावर ठेवले, तर ग्रीस देशाहून किंचित मोठे भरेल. कोरब्याचा कोळसा, दल्ली-राजहऱ्याचे व बैलाडिल्याचे लोहखनिज, बॉक्साइट, चुनखडक, डोलोमाइट अशी तेथील भूमीची संपत्ती आहे. देशात कथिलाचे खनिज निघते, तेही याच भूमीतून. अशा प्रदेशात भांडवलाला संधी आहे, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. प्रश्न आहे तो, ही संधी कोणाची, हा.

दोन डोंगरांची कथा या प्रश्नावर प्रकाश टाकते. दल्ली-राजहऱ्याचे खनिज भिलाईला जाते. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याभोवती शाळा, रुग्णालये, लहानमोठी कारखानदारी आणि एक नगरी उभी राहिली. बैलाडिल्याची वाट निराळी होती. बैलाच्या वशिंडासारखा दिसतो, म्हणून या डोंगराला हे नाव पडले. १९६०च्या दशकात किरंदुलपासून पूर्व घाट ओलांडून विशाखापट्टणमकडे लोहमार्ग नेण्यात आला, तो मुख्यतः जपानला खनिज पाठविण्यासाठी. जपानी भट्ट्यांत त्याचे पोलाद झाले. डोंगरापाशी मागे राहिली ती खोदाईची मजुरी आणि लाल झालेले ओढे. त्याच बस्तरात, जगदलपूरजवळ नगरनार येथे, वर्षाला तीस लाख टन क्षमतेचा पोलाद कारखाना राष्ट्राला अर्पण झाला, तो ३ ऑक्टोबर २०२३ रोजी. मधल्या काळात दोन पिढ्या गेल्या.

म्हणून गुंतवणुकीची खरी संधी खोदाईच्या पुढील पायरीवर आहे. कोरब्यात ॲल्युमिनियम तयार होते. त्याच्या तारा, पत्रे व सुटे भाग जवळपासच घडले, तर किमतीतील वाढ तेथेच राहील. रायपूरजवळच्या उरला व सिलतरा या औद्योगिक वसाहतींत लोखंडाच्या भट्ट्या व रोलिंग मिल आहेत. तेथील सळई यंत्रभागांपर्यंत जाऊ शकेल. भाताच्या कोंड्यापासून तेल निघते. चिंच सोलून, चिंचोके काढून विकली, तर भाव वाढतो. चारोळी फोडण्याचे यंत्र गावात आले, तर फळे गोळा करणाऱ्या स्त्रीच्या पदरी चार पैसे अधिक पडतात. अशा उद्योगांना लागणारे भांडवल पोलादाच्या मानाने थोडके आहे.

परंतु भांडवलाला भूमी लागते आणि भूमीवर माणसे राहतात. लोहंडीगुडा येथे टाटांच्या पोलाद कारखान्यासाठी २००५ साली करार झाला आणि दहा गावांची जमीन घेण्यात आली. गावकऱ्यांचा विरोध मावळला नाही. २०१६ साली कंपनीने प्रकल्प सोडला आणि २०१९ साली जमीन शेतकऱ्यांना परत देण्यात आली. कारखाना झाला नाही आणि गावांची उमेदीची वर्षे अनिश्चिततेत गेली. संमती नसेल, तर कागदावरील कोट्यवधी रुपये कागदावरच राहतात, हे येथे भांडवलालाही शिकावे लागले.

न्यायाची चाके याच दिशेने हळूहळू फिरत आहेत. योगायोग असा, की आंध्र प्रदेशातील आदिवासी भूमीविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा १९९७चा निर्णय ‘समता’ याच नावाने ओळखला जातो. ती दाद मागणाऱ्या संस्थेचे नाव समता होते. नफ्यातील किमान वीस टक्के त्या भागाच्या विकासासाठी राखावेत, असे त्यात सुचविले होते. २००१ साली कोरब्याच्या बाल्को प्रकरणात हा निर्णय तेथे लागू होत नाही, असे न्यायालयाने ठरविले; कारण तेथील जमीन कायदा वेगळा होता. पुढे २०१५ साली कायद्यात दुरुस्ती होऊन खाणजिल्ह्यांसाठी जिल्हा खनिज निधी निर्माण झाला. जुन्या पट्टेदारांनी रॉयल्टीच्या तीस टक्क्यांइतकी आणि लिलावाने पट्टा घेणाऱ्यांनी दहा टक्क्यांइतकी रक्कम त्यात भरावयाची असते. निधी जमा होतो. तो खाणीच्या सावलीतील गावाला पाणी, शाळा व दवाखाना देतो का, हीच त्याची कसोटी होय.

आफ्रिकेतील बोत्स्वाना हा समुद्रकिनारा नसलेला देश १९६६ साली स्वतंत्र झाला, तेव्हा अत्यंत गरीब होता. पुढल्याच वर्षी ओरापा येथे हिरे सापडले. डी बिअर्स या बलाढ्य कंपनीला त्याने हाकलले नाही आणि तिच्या स्वाधीनही झाला नाही. हिऱ्यांच्या खाणींत त्याने निम्मा वाटा मिळविला. २०१३ साली कच्च्या हिऱ्यांची विक्रीही लंडनहून गाबोरोनला आणविली. हिऱ्यांचा भाव उतरला, की तो देश आजही अडचणीत येतो. पण आपल्या मालाचे मोल त्याने स्वतः जाणले, हे विसरता येत नाही.

छत्तीसगडात पैसा गुंतवू पाहणाऱ्या मुंबई-पुण्याच्या उद्योजकाने रायपूरला उतरल्यावर खनिजांच्या नकाशाबरोबर बस्तरचा एक आठवडी बाजारही पाहावा. तेथे आज मीठ स्वस्त झाले आहे, आणि चारोळी विकावयास आलेली स्त्री तराजूच्या काट्याकडे लक्ष ठेवून असते.